पाणी दिसते तिथून येत नसते

वर्धा जिल्ह्यात स्लॅब गळतो पावसाळ्यात, पण बिघडतो उन्हाळ्यात. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा उघड्या स्लॅबवर अनवाणी पाय ठेवायची सोय नसते. रात्री तोच स्लॅब निवतो. दिवसा फुगायचे, रात्री आकसायचे, असे त्याचे वर्षानुवर्षे चालू असते. हिवाळ्यातली पहाट आणि मेमधली दुपार यांत ४० अंशांचा फरक धरला, तर ४० फूट लांबीचा स्लॅब चार-पाच मिलिमीटरने कमी-जास्त होतो. ऐकणाऱ्याला हे काहीच वाटत नाही. पण स्लॅब सरकतो आणि त्याच्या काठावर बांधलेली विटांची पॅराफिट भिंत त्याच्याइतकी सरकत नाही. दोघांच्या सांध्यात केसाएवढी भेग पडते. पुढच्या उन्हाळ्यात ती थोडी लांबते, त्यात धूळ बसते, कबुतरांची घाण बसते, आणि एखाद्या जुलैत आठ दिवसांची झड लागली की घरातल्या भिंतीवर ओलीचा पहिला डाग दिसतो. तोवर भेगेला तीन-चार वर्षे झालेली असतात.

गळक्या छतांची दुरुस्ती हे माझे काम. आधी गवंड्याच्या हाताखाली कुली होतो, मग मिस्त्री झालो, आता दोन-चार माणसे सोबत घेऊन फक्त गळतीचीच कामे करतो. वर्धा शहर आणि भोवतालच्या सिंदी मेघे, बोरगाव मेघे, नालवाडीसारख्या वस्त्या, पलीकडे सेलू, देवळी, पुलगाव, हिंगणघाट, एवढा माझा टापू. या कामात मला जे कळले त्यातली एक गोष्ट मी भेटेल त्याला सांगत असतो, की छताला लावायचे केमिकल हे शेवटचे काम आहे. लोक तिथूनच सुरुवात करतात. फोन उचलला की पहिले वाक्य ठरलेले, "भाऊ, कोणतं केमिकल चांगलं, तेवढं सांगा." पाणी कुठून शिरते ते कुणी सांगत नाही, कारण ते कुणी पाहिलेले नसते.

जुन्या घरांत हे पाहायची सवय होती. माझे बालपण कवेलूच्या घरात गेले. अक्षय तृतीया झाली की कवेलू फेरायचे दिवस यायचे. माणूस वर चढायचा, फुटके कवेलू काढायचा, सरकलेले जागेवर बसवायचा, खालच्या फाट्या कुजल्या असतील तर बदलायचा. मृगाच्या आत हे उरकलेच पाहिजे, असा घराघरातला दंडक होता. सेवाग्रामला बापू कुटी पाहायला जगभरातून माणसे येतात. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी तिथे, तेव्हाच्या शेगावात, राहायला आले. माती, बांबू आणि कवेलू यांची ती घरे आजही उभी आहेत, कारण त्यांची निगा दरवर्षी राखली जाते. त्याच १९३६ सालच्या ऑगस्टमध्ये देशातल्या सिमेंट कंपन्या एकत्र येऊन एसीसी उभी राहिली. म्हणजे ज्या वर्षी इथे मातीच्या कुटीचा आग्रह धरला गेला, त्याच वर्षी सिमेंटचे दिवसही देशात जोर धरू लागले होते. पुढे १९७६ साली देवेंद्रकुमारांनी वर्ध्यात ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केले. तिथे मातीच्या शंकूसारख्या नळ्या एकमेकींत अडकवून कमानीचे छत बांधायची पद्धत वापरात आणली गेली. लोखंड नाही, स्लॅब नाही. मी ती छते पाहिली आहेत आणि मला ती मनापासून आवडतात. पण गावागावांत पोचला तो स्लॅबच.

त्याला कारणे होती. वानरांचे कारण बाहेरच्या माणसाला पटत नाही, पण आमच्याकडे ते फार मोठे आहे. टोळी एकदा छपरावरून गेली की अर्धे कवेलू फुटतात. दरवर्षी फेरायला जाणकार माणूस मिळेना, कवेलू भाजणारे कुंभार कमी झाले. स्लॅब पडला म्हणजे ही कटकट जन्माची मिटली, असे लोकांना वाटले. वानरांची मिटली हे खरे. पावसाची मात्र मिटली नाही. कवेलूच्या घराचा मालक वर्षातून एकदा छपरावर चढत होता, स्लॅबच्या घराचा मालक टाकी भरली का तेवढे पाहायला चढतो आणि उतरतो. स्लॅबलाही वर्षातून एकदा बघावे लागते, हे त्याला कुणी सांगितलेलेच नाही.

मी कामाला जातो तेव्हा आधी छतावर जात नाही. स्वयंपाकघरात जाऊन घरच्या बाईंना विचारतो. बकेट आणि भगोणी कुठे कुठे लावावी लागतात, हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नसते. घरमालक सांगतो, "सगळंच गळते." बाई सांगतात, "पाऊस सुरू झाल्यावर तासाभराने पहिले इथे, मग रात्री तिथे." यातून अर्धे निदान होते. पाऊस सुरू होताच ठिबकत असेल तर उघडी चीर किंवा फुटका पाइप असतो. दोन-चार तासांनी सुरू होत असेल तर वर कुठेतरी पाणी साचते आहे, ढाळ चुकला आहे. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी ठिबकणे चालूच असेल तर वरच्या कोब्याने, म्हणजे विटांच्या तुकड्यांच्या थराने, पाणी धरून ठेवले आहे. वाऱ्याच्या पावसातच भिंत भिजत असेल तर स्लॅबचा काही संबंध नसतो, पॅराफिटच्या बाहेरच्या प्लास्टरला तडा असतो. आणि भर मेमध्ये छत ओले दिसत असेल, तर ती गळती पावसाची नव्हेच. टाकीचा व्हॉल्व्ह, कुलरला दिलेली पाण्याची नळी किंवा वरच्या मजल्यावरचे न्हाणीघर, यांतले काहीतरी असते.

डागाचा रंगही बोलतो. पाणी काँक्रीटमधून झिरपते तेव्हा सिमेंटमधला चुना सोबत घेऊन येते, तो खाली पांढरा जमतो. जुन्या घरांत त्याचे बोटाएवढे सुळके लोंबताना मी पाहिले आहेत. डाग पांढरा आहे तोवर मी निश्चिंत असतो. तो तांबूस झाला की पाणी सळईपर्यंत पोचले, असे समजायचे आणि मग घाई करायची.

सिंदी मेघेतल्या एका निवृत्त शिक्षकांच्या घरचे काम मला नेहमी आठवते. मधल्या खोलीत पंख्याच्या डब्यातून पाणी टपकायचे. पंखा जळला, दुसरा लावला, तोही जळला. पंख्याच्या बरोबर वर, छतावर, कुणी तरी केमिकलचे चौकोनी ठिगळ मारलेले होते. एकावर एक, वेगवेगळ्या रंगांची ठिगळे. गुरुजी वैतागून म्हणाले, "इतके पैसे घातले, आता अख्खा स्लॅबच फोडून टाकतो."

एप्रिल महिना होता. छत कोरडे ठक्क. मी काळ्या मातीच्या पाळी घालून छताचे भाग पाडले. आमची कपाशीची काळी माती या कामाला फार चांगली, ओली असताना घट्ट चिकटते आणि वाळली की सहज निघून येते. पंख्याच्या वरच्या भागात दोन इंच पाणी भरले. तिथेच शेजारी पाण्याने भरलेले एक घमेलेही ठेवले. आमच्या उन्हात पाणी नुसते वाफ होऊनही उतरते, म्हणून घमेल्यातले किती उतरले आणि छतावरचे किती उतरले, हे ताडून पाहावे लागते. दोन्ही सारखे उतरले तर पाणी हवेत गेले, छतावरचे जास्त उतरले तर स्लॅबमध्ये गेले. रात्रभर ठेवले, दोन्हीकडे सारखेच उतरले आणि खाली एक थेंब नाही. म्हणजे ज्या जागेवर इतकी ठिगळे बसली होती, तिथून पाणी येतच नव्हते.

मग पलीकडच्या भागात भरले. तिथेही काही नाही. शेवटी जिन्याच्या खोलीजवळच्या भागात पाणी सोडले. थोड्याच वेळात खालून गुरुजींच्या पत्नीची हाक आली, "आला जी, थेंब आला!"

जिन्याच्या भिंतीला लागून तुळशीच्या आणि मोगऱ्याच्या कुंड्या होत्या. त्या हलवल्या. बांधकामाच्या वेळी छतावर दिवा लावायचा म्हणून स्लॅबमधून विजेच्या तारेचा पाइप वर काढून ठेवला होता. दिवा कधी लागलाच नाही. पाइप उन्हाने कुजून स्लॅबच्या पातळीला मोडला होता आणि त्याचे तोंड कुंड्यांखाली उघडे होते. कुंड्यांचे जास्तीचे पाणी आणि पावसाचे पाणी त्या तोंडातून आत शिरत होते, स्लॅबच्या पोटातल्या पाइपातून वाहत तेरा-चौदा फुटांवरच्या पंख्याच्या डब्यात उतरत होते. तो पाइप खोल खणून कापला, तोंड बंद केले, वरून पॉलिमरच्या मसाल्याने भरून घेतले. खर्च किती आला, तर जळलेल्या एका पंख्यापेक्षा कमी.

सगळीच कामे इतकी सोपी निघत नाहीत. पण पाणी ज्या ठिकाणी दिसते त्या ठिकाणाहून ते क्वचितच आलेले असते, हे मी तिथे गुरुजींना दाखवू शकलो. तेव्हापासून पाणी भरून पाहिल्याशिवाय मी कामाला हात लावत नाही. घरमालकाला घाई असली तरी नाही.

गळतीचे मूळ बहुतेक वेळा स्लॅब पडला त्या दिवसात असते. आमच्याकडे स्लॅबचा दिवस म्हणजे सण. नारळ फुटतो, पाहुणे येतात, संध्याकाळी मजुरांना जेवण असते. मिक्सर मशीन सकाळी सुरू होते ती काम संपेपर्यंत थांबत नाही, आणि डोक्यावर घमेले घेऊन शिडी चढणाऱ्या रेजांची रांगही थांबत नाही. ते काम ज्याने जवळून पाहिले, तो त्या बायांच्या मेहनतीपुढे मान झुकवतो. पण माल पातळ असला की घमेल्यातून पटकन ओतला जातो, फळीवर आपोआप पसरतो, म्हणून मिक्सरवरचा माणूस पाणी वाढवत जातो. बांधकामाचे भारतीय मानक आयएस ४५६ सांगते की एम-२० प्रतीच्या काँक्रीटला ५० किलोच्या एका गोणीमागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी. यात ओल्या रेतीतले पाणीही धरायचे. प्रत्यक्षात बकेटा मोजतो कोण? जास्तीचे पाणी नंतर उडून जाते आणि जाताना काँक्रीटमध्ये बारीक वाटा ठेवून जाते. त्याच वाटांनी पुढे पावसाचे पाणी उतरते.

दुसरे कारण तराईचे, म्हणजे नव्या काँक्रीटला पाणी देत राहण्याचे. हेच मानक म्हणते, साध्या सिमेंटला किमान सात दिवस पाणी द्या, कोरड्या आणि उष्ण हवेत दहा दिवसांपेक्षा कमी नको, आणि राख मिसळलेल्या सिमेंटला १४ दिवस द्यावे. आज बाजारात घरबांधकामासाठी मिळणारे बरेचसे सिमेंट राख मिसळलेलेच असते. म्हणजे आपल्या हवेत दोन आठवडे स्लॅबवर आळी करून पाणी उभे ठेवायला हवे. आणि स्लॅब पडतात ते नेमके मार्च ते मेमध्ये, जेव्हा बोअर आटलेली असते आणि प्यायला टँकर लागतो. माणसे सकाळ-संध्याकाळ पाइपने शिंपडतात. दुपारी बारा ते चार त्या ओल्या काँक्रीटवर जे ऊन पडते, त्यात शिंपडलेले पाणी टिकत नाही. पृष्ठभाग तडकतो, कासवाच्या पाठीसारखी बारीक नक्षी उमटते. घर बांधणाऱ्याने बाकी कशातही काटकसर करावी, टाइल्स स्वस्त घ्याव्या, दारे नंतर बसवावी. पण तराईला पाणी नसेल तर स्लॅब पुढे ढकलावा. दिवाळीनंतरचा स्लॅब आपल्या भागात सर्वांत चांगला होतो, हे माझे अनुभवाचे मत आहे. हवा थंड, विहिरींना पाणी.

घरकुलांबद्दल थोडे वेगळे सांगायचे आहे. प्रधानमंत्री आवास योजनेतले ग्रामीण घर किमान २५ चौरस मीटरचे, सपाट भागात त्याला १ लाख २० हजारांचे अनुदान. एवढ्या पैशात घर उभे करणाऱ्याला मी काय शिकवणार? पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. पॅराफिट नसलेली घरकुले कमी गळतात. पाणी चारी बाजूंनी मोकळे वाहून जाते, साचत नाही. पुढे हाती पैसा आला की लोक काठाने विटांची भिंत बांधतात, पाणी जायला एखादा दोन इंची पाइप ठेवतात, आणि दुसऱ्याच पावसाळ्यात गळती सुरू होते. जुन्या स्लॅबवर नवी भिंत नुसती ठेवलेली असते, तिचा सांधा कुणी बंद करत नाही. भिंत बांधायला हरकत नाही, पोरेबाळे वर खेळतात. पण बांधण्याआधी स्लॅबचा काठ टाचून घ्या, सिमेंटचा घोळ मारा, आणि पाणी जायला चार इंची पाइप किमान दोन ठिकाणी ठेवा. एकाला पाने अडकली तर दुसरा चालतो.

गळतीवरचा जुना उपाय म्हणजे विटांच्या तुकड्यांचा कोबा. नीट केलेला कोबा चांगला असतो. उष्णताही अडवतो, ढाळही मिळतो. माझा राग आहे तो कोब्यावर कोबा घालण्यावर. देवळीकडच्या एका घरात मला छतावर दोन कोबे सापडले आणि मालक तिसऱ्यासाठी विटा आणून बसला होता. चार इंच जाडीचा कोबा एका चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास भरतो. हजार चौरस फुटांच्या छतावर तो १८ टनांचा भार. दोन कोबे म्हणजे ३६ टन. स्लॅब एवढ्यासाठी बांधलेला नव्हता. खालच्या खोलीत मधोमध आडवी चीर दिसत होती आणि दोन भिंतींना दोरी ताणून पाहिली तर स्लॅब मध्ये वाकलेला कळत होता. शिवाय खालचा कोबा पाणी पिऊन बसलेला, ओल्या गोधडीसारखा, जो मार्चमध्येही आतून वाळत नव्हता. मी मालकाला सांगितले, आधी वरचे सगळे उतरवू, मग पुढचे बोलू. तो नाखूश होता. बापाने घातलेला कोबा काढायचा, हे त्याच्या जिवावर आले होते. उतरवलेल्या मलब्याच्या ट्रॉल्या भरून जाताना पाहिल्या तेव्हा त्याला कळले की आपण इतकी वर्षे कशाखाली झोपत होतो. इंजिनिअर बोलावून स्लॅब तपासून घेतला आणि मगच पातळ थराचे काम केले.

प्रत्यक्ष काम दिसायला साधे असते. सगळे छत हातोडीने ठोकत जायचे. घट्ट जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या प्लास्टरखाली पोकळ. पोकळ तेवढे सगळे काढायचे, कितीही निघो. भेगा छिन्नीने इंग्रजी व्हीच्या आकारात उघडायच्या, अर्धा इंच तरी खोल, म्हणजे मसाला आत बसतो. वरून नुसती पुटी फासली तर ती एका उन्हाळ्यात उचलते. तारेच्या ब्रशने घासायचे, धूळ पाण्याने नव्हे तर आधी ब्लोअरने काढायची, कारण ओली धूळ भेगेत चिखल होऊन बसते. मग सिमेंट, रेती आणि एसबीआर लेटेक्सचा मसाला भरायचा. पॅराफिट आणि स्लॅबच्या कोपऱ्याला गोल वाटा, म्हणजे मसाल्याची गोलाई, करायचा. इथे माझी माणसे सर्वांत जास्त वेळ घालवतात आणि मालक सर्वांत जास्त कंटाळतो. काटकोनात कोटिंग ताणले जाते आणि फाटते, गोलाईवर ते सलग राहते. वाटा नीट झाला की निम्मी गळती तिथेच थांबते.

ढाळ पाण्याच्या पातळी-नळीने बघायचा. दहा फुटाला सव्वा इंच तरी उतार हवा. पाइपाचे तोंड पुष्कळदा स्लॅबपेक्षा अर्धा इंच वर असते, मग त्याच्याभोवती पाण्याचे तळे राहते. तो भाग खणून तोंड खाली आणावे लागते. विटांच्या सांध्यातून पिंपळ उगवलेला असेल तर नुसता कापून चालत नाही, मूळ निघेपर्यंत भिंत उकरावी लागते. अँटेना, सोलरचे स्टँड, कपड्यांच्या दोरीचे खांब यांच्यासाठी स्लॅबला पाडलेली भोके शोधायची. यापुढे असे काही लावायचे तर स्टँडखाली काँक्रीटचे ठोकळे ठेवा, स्लॅबला भोक पाडू नका, हे मी प्रत्येक घरी सांगतो.

इतके झाल्यावर कोटिंग. पहिला हात आडवा, त्यावर सांध्यांत आणि भेगांवर फायबरची जाळी, दुसरा हात उभा. पॅराफिटवर फूटभर वर चढवायचा. दुपारी तापलेल्या स्लॅबवर कोटिंग मारले तर वरची साय लगेच वाळते आणि खालचे कच्चे राहते, म्हणून आम्ही पहाटे सुरू करतो आणि ऊन चढले की थांबतो. पांढरे कोटिंग घ्या असे मी सांगतो. उन्हाचा बराच भाग ते परत पाठवते, खोली थंड राहते आणि स्लॅबची ओढाताणही कमी होते.

खालून काम करणाऱ्यांचा एक प्रकार आहे, तो मला पटत नाही. ओल्या छताला खालून पुटी आणि वॉटरप्रूफ रंग मारून देतात. डाग झाकला जातो, मालक खूश होतो. वरून पाणी यायचे थांबलेले नसते, ते आता स्लॅबमध्ये अडकते. सिमेंटमधल्या चुन्यामुळे काँक्रीटच्या आत सळई सुरक्षित असते. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू हा चुना निकामी करतो आणि पाणी पोचले की गंज चढतो. गंजलेले लोखंड मूळच्या दुप्पट ते सहापट जागा मागते, म्हणून खालचे काँक्रीट फुगून पापुद्र्याने सुटते. पाळण्यावर, खाटेवर, देव्हाऱ्यावर पडलेल्या खपल्या मी पाहिल्या आहेत. तिथे खाली लोखंडी टेकू देऊन सुटलेले काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढावे लागते, सळई चकचकीत होईपर्यंत घासावी लागते, गंजरोधक लावून पॉलिमरचा मसाला थराथराने भरावा लागतो. सळई बारीक झाली असेल तर मी काम थांबवून स्ट्रक्चरल इंजिनिअरचा कागद मागतो. काही स्लॅब दुरुस्त होत नाहीत. तसे स्पष्ट सांगितल्याने कामे हातची गेली आहेत, पण जिथे लेकरे झोपतात त्या छताबद्दल गोड बोलणे मला जमत नाही.

छतावर टिनाची शेड टाकावी का, हेही लोक विचारतात. जुना, थकलेला पण भार पेलणारा स्लॅब असेल आणि पैसे हाती असतील, तर टाका. ऊन आणि पाऊस दोन्ही अडतात. फक्त शेडचे खांब स्लॅबच्या मधोमध उभे करू नका, भिंतींच्या डोक्यावर घ्या.

२०२२ च्या जुलैत विदर्भात पावसाने थैमान घातले, तेव्हा ज्या छतांची निगा होती ती टिकली आणि ज्यांची नव्हती तिथे नवे स्लॅबही ठिबकले. झडीत मला फोन जरूर करा. पाणी कुठून येते ते पाहायची तीच वेळ असते. काम मात्र फेब्रुवारी ते मेमध्येच करून घ्या, ओल्या स्लॅबवर कुणी लगेच कोटिंग मारून देतो म्हणाला तर त्याला परत पाठवा. दरवर्षी मृग लागण्याआधी एकदा झाडू घेऊन छतावर चढा, पाइपांची तोंडे मोकळी करा, कोपऱ्यांतले वाटे बोट फिरवून बघा, खाली घरात पहिला डाग दिसला की त्याच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहा. मिस्त्री आला की त्याला आधी ती रेघ दाखवा. आणि काम झाल्यावर छतावर दोन दिवस पाणी उभे करून दाखवल्याशिवाय कुणालाही, मला धरून, शेवटचा हप्ता देऊ नका.